मारामारीचा हिशेब शेवटून

बुद्धिबळ शिकवताना मुलांना एक नियम अगदी सुरुवातीलाच सांगतात. एखाद्या घरावर मारामारी करायची असेल तर आधी मोजा. आपल्या किती मोहऱ्यांचा त्या घरावर मारा आहे आणि समोरच्याच्या किती मोहऱ्यांचा तिथे जोर आहे? आपला आकडा मोठा असेल तर मारा, नसेल तर थांबा.

नियम सोपा आहे आणि बऱ्याचदा उपयोगीही पडतो. पण आता ही स्थिती पाहा. काळ्याच्या एका प्याद्याला दुसऱ्या प्याद्याचा जोर आहे. त्या प्याद्यावर पांढऱ्याच्या हत्तीचा आणि हत्तीमागे उभ्या असलेल्या वजिराचा मारा आहे. मारणारे दोन, राखणारा एक. नियमाप्रमाणे मारायला हरकत नाही. पांढरा हत्तीने प्यादे मारतो, काळा प्याद्याने हत्ती मारतो, पांढरा वजिराने ते प्यादे मारतो. मारामारी संपली आणि घरही पांढऱ्याच्या ताब्यात आले. पण मिळाली फक्त दोन प्यादी, आणि गेला अख्खा हत्ती.

उलटही घडते. आपल्या प्याद्याने समोरचा घोडा मारता येत असेल, तर त्या घोड्याला चार मोहऱ्यांचा जोर असला तरी काय बिघडते? जाऊन जाऊन आपले एक प्यादेच जाणार.

म्हणजे नुसती डोकी मोजून भागत नाही. कोण कितीचा आहे, कोण आधी मारणार आणि कोण कुठे हात आवरता घेणार, हे सगळे पाहावे लागते. सरावलेल्या खेळाडूला हे नजरेने कळते. पण गुकेशचा सामना किंवा नागपूरच्या दिव्या देशमुखची वर्ल्ड कपची अंतिम लढत मोबाइलवर पाहताना पटाशेजारी जी पांढरी-काळी पट्टी वरखाली होत असते, ती हलवणाऱ्या इंजिनाला नजर नसते. त्याच्याकडे फक्त आकडेमोड असते आणि ही आकडेमोड त्याला सेकंदाला लाखो वेळा करायची असते. ती कशी चालते ते समजून घेतले, तर आपल्या स्वतःच्या खेळातही फरक पडतो असे मला मनापासून वाटते.

मोहऱ्यांच्या किमती

हिशेब करायचा तर आधी भाव ठरायला हवा. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवता येईल यावर एक निबंध प्रसिद्ध केला. या विषयाचा पाया त्या निबंधाने घातला. त्यात त्यांनी प्याद्याला १, घोड्याला आणि उंटाला प्रत्येकी ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९ अशी किंमत दिली होती. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास अ‍ॅलन ट्युरिंग यांनी कागदावर तयार केलेल्या पद्धतीत उंट साडेतीनचा आणि वजीर दहाचा होता. आजची इंजिने प्याद्याच्या शंभराव्या भागापर्यंत बारीक मोजतात, पण ढोबळ प्रमाण तेच आहे. या लेखात शॅनन यांचे भाव धरू.

अर्ध्यावर केलेली मोजणी

इंजिन कसे विचार करते? आपली प्रत्येक शक्य खेळी, तिच्यावर समोरच्याचे प्रत्येक शक्य उत्तर, त्यावर पुन्हा आपली प्रत्येक खेळी, असा फांद्यांचा पसारा ते मांडत जाते. साधारण मधल्या डावात एका वेळी तीस-पस्तीस खेळ्या शक्य असतात, त्यामुळे हा पसारा भराभर वाढतो. कुठेतरी थांबावेच लागते. समजा, सहा खेळ्यांनंतर थांबायचे ठरवले. तिथे पोहोचल्यावर इंजिन पटावरचे मोहरे मोजते आणि त्या स्थितीला गुण देते.

घोळ होतो तो इथे. सहावी खेळी नेमकी 'वजिराने प्यादे मारले' अशी असेल तर? त्या क्षणी पांढरा एका प्याद्याने पुढे दिसतो. सातव्या खेळीला काळा तो वजीर मारणार आहे, पण सातवी खेळी इंजिनाने पाहिलेलीच नाही. पगार जमा झाल्या दिवशी पासबुक पाहून, दुसऱ्या दिवशी कापला जाणारा घरकर्जाचा हप्ता न धरता एखाद्याची सांपत्तिक स्थिती ठरवावी, तसा हा प्रकार आहे. आकडा खोटा नसतो. तो चुकीच्या दिवशी पाहिलेला असतो.

शॅनन यांनी हा धोका पहिल्याच निबंधात ओळखला होता. वजिरावजिरी चालू असताना मध्येच थांबून मोजले तर एक बाजू क्षणभर अख्ख्या वजिराने पुढे दिसेल, म्हणून मोजणी फक्त त्यातल्या त्यात शांत स्थितीतच करावी, असे त्यांनी लिहून ठेवले. ट्युरिंग यांनीही स्वतंत्रपणे तसाच विचार केला. ठरावीक खोलीपर्यंत सगळ्या खेळ्या पाहायच्या आणि पुढे फक्त 'दखल घेण्याजोग्या' खेळ्या पाहायच्या. बिनजोर मोहरा मारणे, हलक्या मोहऱ्याने भारी मोहरा मारणे, नुकत्याच मारलेल्याचा बदला घेणे अशा त्या खेळ्या. अशी एकही खेळी उरली नाही की ती स्थिती मोजायला योग्य.

ट्युरिंग यांची पद्धत चालवू शकेल असा संगणक त्यांच्याकडे नव्हता. १९५२ साली मँचेस्टरला त्यांनी स्वतः कागद-पेन्सिलीने एकेका खेळीची आकडेमोड करून अ‍ॅलिक ग्लेनी या सहकाऱ्याविरुद्ध एक डाव खेळवला. एकेका खेळीला अर्धा अर्धा तास लागत असे. २९व्या खेळीला 'यंत्रा'च्या वजिराने डी६ घरातले प्यादे मारले, काळ्याने हत्ती डी८ घरात आणला आणि पांढऱ्याचा वजीर वाचेना. डाव तिथेच सोडावा लागला. प्यादे मिळवण्याच्या नादात वजीर जातो, हा अनुभव संगणकी बुद्धिबळाला त्याच्या अगदी पहिल्या नोंदलेल्या डावात आला.

या आंधळेपणाला पुढे नावही मिळाले. हान्स बर्लिनर हे पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते होते आणि संगणकतज्ज्ञही. १९७३च्या सुमारास त्यांनी याला 'क्षितिज परिणाम' म्हटले. इंजिनाला जिथवर दिसते ते त्याचे क्षितिज. त्यापलीकडे ढकललेले संकट टळले असे ते समजते. उंट जाणारच असेल, तर मध्ये एखाददुसरे प्यादे देऊन ती घटना दोन खेळ्या लांबवायची आणि उंट वाचला असे मानायचे. अशा खुळचट खेळ्या जुन्या प्रोग्रामांच्या डावांत पुष्कळ सापडतात.

शांत होईपर्यंत

उपाय ओघानेच येतो. ठरलेल्या खोलीला पोहोचल्यावर लगेच मोजू नका. मारण्याच्या खेळ्या शिल्लक असतील तर फक्त त्या खेळून पाहा, आणि पट शांत झाला की मोजा. या दुसऱ्या टप्प्याला इंजिने लिहिणारे 'क्वायसन्स सर्च' म्हणतात. आपण त्याला शांतता-शोध म्हणू.

यात एक नियम फार महत्त्वाचा आहे आणि तो नेमका कळला की पुढचे सारे सोपे जाते. बुद्धिबळात मारण्याची सक्ती नसते. त्यामुळे शांतता-शोधात खेळणाऱ्या बाजूला प्रत्येक पायरीवर 'मी काही मारत नाही, आहे तेच मोजा' असे म्हणायचा हक्क द्यावा लागतो. तो दिला नाही तर इंजिन असे गृहीत धरेल की वजिराला जोर असलेले प्यादे मारण्याखेरीज इलाजच नाही, आणि चांगल्या स्थितीलाही हरलेली ठरवेल. अपवाद फक्त शह बसला असेल तेव्हाचा. शहातून सुटणे सक्तीचे असते. तिथे 'आहे तेच मोजा' म्हणता येत नाही, म्हणून शहातून सुटायच्या सगळ्या खेळ्या पाहाव्या लागतात.

पण मारण्याच्याच खेळ्या पाहायच्या म्हटल्या तरी पसारा लहान राहीलच असे नाही. पटाच्या मध्यभागी सगळे मोहरे एकमेकांवर रोखलेले असले की आठ-दहा प्रकारे मारता येते, त्या प्रत्येकावर पुन्हा पाच-सहा प्रकारे. यातल्या बहुतेक खेळ्या निव्वळ वेडेपणाच्या असतात. वजिराने जोर असलेला घोडा मारणे, हत्तीने जोर असलेले प्यादे मारणे. माणूस त्यांच्याकडे पाहतही नाही. इंजिनाने मात्र प्रत्येक वेडेपणा शेवटपर्यंत खेळून पाहिला, तर त्याचा अर्ध्याहून जास्त वेळ त्यातच जाईल. म्हणून एखादी मारामारी खेळून न पाहता नुसत्या आकडेमोडीने तिचा निकाल सांगणारी युक्ती लागते.

एकाच घराचा हिशेब

या युक्तीचे नाव 'स्टॅटिक एक्स्चेंज इव्हॅल्युएशन'. इंजिने लिहिणारे तिला थोडक्यात 'सी' म्हणतात. साऱ्या इंजिन-शास्त्रात मला ही सर्वांत देखणी वाटते, कारण ती पट घेऊन बसणाऱ्या कोणालाही पाचेक मिनिटांत समजते. पट असेल तर समोर मांडा.

ई५ घरात काळ्याचे प्यादे आहे. त्याला सी६वरच्या घोड्याचा आणि ई८वरच्या हत्तीचा जोर आहे. पांढऱ्याचा घोडा एफ३वर, हत्ती ई२वर आणि वजीर त्या हत्तीच्या मागे ई१वर आहे. मधली घरे रिकामी आहेत. पांढऱ्याने घोड्याने ई५ मारावे का?

प्रश्न फक्त ई५ या एका घराचा आहे, बाकी पट विसरायचा. दोन्ही बाजूंनी दर वेळी आपल्याकडचा सर्वांत स्वस्त मोहरा पुढे करायचा. कारण उघड आहे. जो त्या घरात जाऊन बसतो तो पुढच्या क्षणी मारला जाऊ शकतो. म्हणून आधी प्यादे, मग घोडा-उंट, मग हत्ती, मग वजीर. राजा सगळ्यांत शेवटी, आणि तोही समोरच्याचा एकही मारा त्या घरावर शिल्लक नसेल तरच.

आता मारल्या जाणाऱ्या मोहऱ्यांच्या किमती ओळीने लिहू. पांढरा घोडा प्यादे मारतो: १. काळा घोडा तो घोडा मारतो: ३. पांढरा हत्ती तो घोडा मारतो: ३. काळा हत्ती तो हत्ती मारतो: ५. पांढरा वजीर तो हत्ती मारतो: ५. यादी झाली १, ३, ३, ५, ५. वजीर सुरुवातीला हत्तीमागे दडलेला होता, ई५वर त्याचा थेट मारा नव्हता. हत्ती पुढे गेल्यावर वाट मोकळी झाली. असे मागे उभे असलेले मोहरे धरायला नवशिके हमखास विसरतात. इंजिन विसरत नाही, कारण एखादा मोहरा उचलला की त्या रेघेवर मागे कोण आहे हे ते दर वेळी तपासते.

यानंतर हिशेब शेवटून करायचा. प्रत्येक पायरीवर विचारायचे की इथे मारणाऱ्याला मारून काय उरेल. उणे उरत असेल तर तो मारणारच नाही, म्हणून तिथे शून्य लिहायचे. शेवटची पायरी: वजिराने हत्ती घेतला, ५ मिळाले, पुढे कोणी नाही. उरले ५. त्याच्या आधीची: काळ्याला ५ मिळतात, पुढे ५ जातात, उरले ०. त्याच्या आधीची: पांढऱ्याला ३ मिळतात, पुढे ० जातात, उरले ३. त्याच्या आधीची: काळ्याला ३ मिळतात, ३ जातात, उरले ०. आणि पहिली: पांढऱ्याला १ मिळतो, ० जातात. निकाल, एका प्याद्याचा फायदा. मारावे.

आता याच स्थितीत काळ्याचा एक उंट डी६ घरात ठेवा. ई५वर आणखी एक जोर आला. काळा आधी घोड्याने, मग उंटाने, मग हत्तीने मारणार. यादी बनते १, ३, ३, ५, ३, ९. सरळ शेवटपर्यंत मारत सुटलो तर पांढऱ्याला १, ३ आणि ३ मिळून सात मिळतात आणि ३, ५ आणि ९ मिळून सतरा जातात. दहाचे नुकसान. पण पांढरा शेवटपर्यंत कशाला जाईल? शेवटून पाहू. काळ्याच्या हत्तीने वजीर मारला: ९. त्याआधी वजिराने उंट मारायचा होता: ३ मिळणार, ९ जाणार. पांढरा हे करणारच नाही, म्हणून ०. त्याआधी काळ्याच्या उंटाने हत्ती मारला: ५ मिळाले, पुढे काही जात नाही, ५. त्याआधी पांढऱ्याच्या हत्तीने घोडा मारायचा होता: ३ मिळणार, ५ जाणार. हेही तो करणार नाही, ०. त्याआधी काळ्याच्या घोड्याने घोडा मारला: ३. आणि पहिली पायरी: १ मिळाला, ३ गेले. निकाल उणे दोन.

दहाचे नुकसान आणि दोनचे नुकसान यांत फरक पडतो तो पुढचा मार न खेळण्याच्या हक्कामुळे. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. मारामारीचा निकाल किती मोहरे रोखलेले आहेत यावर जितका ठरतो, तितकाच कोणाला कुठे थांबणे परवडते यावर ठरतो. आणि थांबायची जागा पुढून मोजत गेलो तर दिसत नाही, शेवटून मोजले तरच दिसते.

> चौकट: एका घरावरच्या मारामारीचा हिशेब
> त्या घरावर दोन्ही बाजूंचे कोण कोण रोखलेले आहेत ते पाहा, मागे दडलेलेही धरा.
> दर वेळी सर्वांत स्वस्त मोहरा मारणार असे धरून, मारल्या जाणाऱ्यांच्या किमती क्रमाने लिहा.
> शेवटच्या आकड्यापासून मागे या. मिळणाऱ्यातून पुढे जाणारे वजा करा. उत्तर उणे आले तर त्या जागी शून्य लिहा.
> पहिल्या खेळीला मात्र शून्य लिहायचे नाही. तिथे जे येईल ते अधिक-उणे चिन्हासह उत्तर.

आधी काय मारून पाहायचे

या हिशेबाचा इंजिनाला दुहेरी उपयोग आहे. शांतता-शोधात उणे उत्तर आलेल्या खेळ्या ते सरळ सोडून देते. त्याहून मोठा उपयोग खेळ्यांचा क्रम लावण्याचा आहे.

क्रमाला एवढे महत्त्व का? समजा, एक खेळी तपासून इंजिनाला कळले की आपल्याला किमान एक प्यादे नक्की मिळते. आता दुसरी खेळी तपासताना समोरच्याचे पहिलेच उत्तर असे सापडले की आपला घोडा जातो. मग या दुसऱ्या खेळीवरची बाकीची तीस उत्तरे पाहायची गरज उरत नाही. ती पहिलीपेक्षा वाईट आहे एवढे पुरे. या छाटणीला 'अल्फा-बीटा' म्हणतात. पण चांगली खेळी आधी सापडली तरच ती जोरात चालते. प्रत्येक स्थितीत ३५ खेळ्या आणि खोली सहा धरली, तर छाटणीशिवाय १८३ कोटींहून जास्त स्थिती तपासाव्या लागतात. दर ठिकाणी सर्वांत चांगली खेळी आधी तपासली गेली, तर त्याच उत्तराला सुमारे ८६ हजार स्थिती पुरतात. डोनाल्ड नूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ साली या छाटणीचे गणित नीट मांडले.

मारण्याच्या खेळ्यांचा क्रम लावायची सर्वांत साधी रीत म्हणजे समोरचा सर्वांत महाग मोहरा आधी, आणि तो मारायला आपला सर्वांत स्वस्त मोहरा आधी. प्याद्याने वजीर मारणे यादीत सगळ्यांत वर, वजिराने प्यादे मारणे सगळ्यांत खाली. यात जोर कोणाचा हे पाहिलेलेच नाही, तरी आश्चर्य वाटावे इतके काम ती करते. बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि जो काँडन यांनी बनवलेल्या 'बेल' या यंत्रात ही रीत विजेच्या मंडलांतच बसवलेली होती. आधी 'बळी शोधा', मग 'मारणारा शोधा' अशा दोन फेऱ्यांत ते खेळ्या काढायचे. १९८० साली ते संगणकांचे जगज्जेते झाले आणि १९८३ साली अमेरिकेत 'मास्टर' पदवी मिळवणारे पहिले यंत्र ठरले. पुढे १९९७ साली न्यूयॉर्कला जगज्जेते कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवणाऱ्या 'डीप ब्लू'च्या चिप 'बेल'च्याच रचनेवरून विकसित झाल्या होत्या. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याची 'डीप ब्लू'ची क्षमता होती.

आजच्या 'स्टॉकफिश' या इंजिनात तोच एका घराचा हिशेब आहे, पण प्रश्न थोडा बदललेला आहे. 'या मारामारीत किती मिळेल?' असे ते विचारत नाही. 'निदान एवढे तरी मिळेल का?' असे विचारते आणि उत्तर फक्त हो किंवा नाही घेते. याचा फायदा असा की बऱ्याचदा हिशेब दुसऱ्याच पायरीला संपतो. प्याद्याने हत्ती मारला आणि प्रश्न 'तोटा तर नाही ना?' असा असेल, तर समोर कोणाचा जोर आहे हे बघायचीही गरज नाही. आपले प्यादे गेले असे धरले तरी चार उरतातच. अचूक आकडा हवाच असतो असे नाही, निर्णयापुरता हवा असतो. इंजिनाचा वेग मोठ्या प्रमाणात अशाच काटकसरीतून येतो.

हिशेब कुठे फसतो

एकाच घराकडे पाहणे हे या पद्धतीचे बळ आहे आणि तिची मर्यादाही तीच.

पॅरिसमध्ये अठराव्या शतकात लेगाल नावाचे नामांकित खेळाडू होते. त्यांच्या नावाने एक सापळा आजही शिकवतात. दोन्ही राजांपुढची प्यादी ई४ आणि ई५वर येतात, पांढरा घोडा एफ३वर, काळे प्यादे डी६वर, पांढरा उंट सी४वर, काळा उंट जी४वर, पांढरा दुसरा घोडा सी३वर, काळा जी६ प्यादे पुढे करतो. आता पांढऱ्याचा एफ३वरचा घोडा हलला तर मागे डी१वरचा वजीर काळ्या उंटाच्या माऱ्यात येतो. तरीही पांढरा त्या घोड्याने ई५वरचे प्यादे मारतो. एका घराचा हिशेब काय सांगेल? प्यादे मिळाले, डी६वरच्या प्याद्याने घोडा मारला, उणे दोन. वाईट खेळी.

प्रत्यक्षात ती उत्तम आहे. काळ्याने वजीर मारला तर पांढरा उंटाने एफ७ मारून शह देतो, राजाला ई७वर यावे लागते आणि दुसरा घोडा डी५वर येऊन मात करतो. काळ्याने शहाणपणा करून ई५वरचा घोडा मारला, तर पांढरा वजिराने जी४वरचा उंट मारतो. घोडा गेला, पण उंट आणि प्यादे मिळाले. एका प्याद्याचा फायदा. घोडा हलल्यामुळे जी४वर काय उघडे पडले हे ई५कडे पाहणाऱ्या हिशेबाला दिसूच शकत नाही.

अशा आणखीही जागा आहेत. एकच मोहरा दोन ठिकाणी जोर देत असेल, तर हिशेब दोन्ही ठिकाणे सुरक्षित मानतो, पण तो मोहरा एका ठिकाणी गेला की दुसरे उघडे पडते. राजासमोर जखडलेला मोहरा जोर देतोय असे दिसते, पण हलू शकत नाही. यातला दुसरा दोष 'स्टॉकफिश'ने बऱ्यापैकी काढला आहे. जखडणारा मोहरा आपल्या जागी असेपर्यंत जखडलेल्याला ते मारामारीत धरत नाही. बाकीचे दोष मात्र मुद्दाम राहू दिले आहेत. ते काढायला गेले तर हिशेब इतका जड होईल की मग सरळ खेळूनच पाहिलेले बरे. म्हणून इंजिने लिहिणारे काळजी घेतात. खोल, मुख्य शोधात उणे उत्तराची मारामारी फेकून देत नाहीत, फक्त यादीत खाली ढकलतात. तिथे लेगालचा घोडा उशिरा का होईना, तपासला जातो. छाटणी होते ती टोकाला, जिथे तशीही फार खोल पाहायला वेळ नसतो.

आणि एक उदाहरण असे आहे, जिथे हिशेब बरोबर असूनही त्यावरून काहीच कळत नाही. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण दोन्हीकडे हत्ती आणि उंट होते आणि डाव बरोबरीत सुटण्यासारखा होता. ५५व्या खेळीला प्रतिस्पर्धी डिंग लिरेन यांनी हत्ती एफ२वर आणून हत्तीला हत्ती द्यायचे ठरवले. गुकेशने हत्ती मारला, राजाने तो हत्ती मारला. मग गुकेशने उंट डी५वर नेला. डिंग यांचा उंट ए८च्या कोपऱ्यात होता, त्याला निसटायला घर नव्हते. उंटाला उंट गेला. हत्तीला हत्ती, उंटाला उंट, हिशेब दोन्ही वेळा शून्य. पण उरलेला नुसत्या राजा-प्याद्यांचा डाव काळ्याने, म्हणजे गुकेशने, जिंकलेला होता. डिंग यांनी तीन खेळ्यांत डाव सोडला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

मारामारीत काय मिळाले आणि मारामारीनंतर काय उरले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर देणे हे स्थितीला गुण देणाऱ्या भागाचे काम. 'स्टॉकफिश'मध्ये २०२०पासून त्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरतात. प्याद्यांची रचना, राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांची मोकळीक यांची जाण त्या नेटवर्कला जुन्या हाताने लिहिलेल्या सूत्रांपेक्षा पुष्कळ चांगली आहे. पण मारामारी अर्ध्यावर असताना त्यालाही विचारून उपयोग नसतो. आधी पट शांत व्हावा लागतो. म्हणून इतके मोठे स्थित्यंतर होऊनही शांतता-शोध आणि एका घराचा हिशेब हे दोन्ही त्या इंजिनात आजही आहेत. त्याचा सारा कोड कोणालाही वाचायला खुला आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी तो जरूर उघडावा. मारामारीचा हिशेब करणारा भाग जेमतेम पान-दोन पानांचा आहे.

ज्यांना कोड वाचायचा नाही त्यांनी पट मांडावा. वरच्या दुसऱ्या उदाहरणात, म्हणजे काळ्याचा उंट डी६वर असताना, पांढऱ्यालाही एक उंट बी२ घरात द्या आणि सी३, डी४ रिकामी ठेवा. किमतींची यादी लिहा आणि शेवटून मागे या. घोड्याने ई५ मारण्याचे उत्तर पुन्हा अधिक एक यायला हवे.